पैशे लावलेस काय?

समईत तेल घालायचं काम यंदा मी मागून घेतलं. आमच्याकडे गणपती दीड दिवसाचा, आणि त्या दीड दिवसात देवासमोरची समई विझता कामा नये हा घरचा नियम, त्यामुळे पहिल्या रात्री कोणीतरी जागं राहावं लागतं आणि दरवर्षी त्यावरून थोडी टोलवाटोलवी होते, कारण सगळेच पहाटे चारला उठलेले असतात, बायका नेवऱ्या-मोदक करून दमलेल्या आणि पुरुष मुंबईवाल्यांना कणकवली स्टेशनवरून आणून आणून दमलेले. यंदा मी आपणहून म्हटलं, मी बसतो. मोठी काकी एवढी खूश झाली की तिने दोन-तीन शेजारणींना थांबवून सांगितलं, "झील बरो हा, देवासाठी जागता." मी मान खाली घालून देवावर टांगलेल्या माटवीची कवंडळं सारखी करत राहिलो. २०२५ची, २७ ऑगस्टची चतुर्थी होती, आणि त्याच रात्री साडेबाराला इंग्लंडमधली फुटबॉल मॅच, ग्रिम्स्बी विरुद्ध माझी टीम, मँचेस्टर युनायटेड.

पाप लागलं असेल तर ते त्याच रात्री व्याजासकट फेडून झालंय, पण ते पुढे सांगतो.

हे युनायटेडचं लोढणं माझ्या गळ्यात अडकवलं चुलतभावाने. दादा डोंबिवलीचा. १९९९च्या मे महिन्यात तो नेहमीसारखा गावी आला तेव्हा त्याच्या बॅगेत मासिकातून कापलेलं बेकहॅमचं चित्र होतं आणि डोक्यात फुटबॉल. तोपर्यंत आम्ही झावळाच्या पिड्याची बॅट करून क्रिकेट खेळायचो, त्या मेमध्ये त्याच पिड्यांचे गोलपोस्ट झाले. मेमधला भाताचा कुणगा म्हणजे नुसती ढेकळं आणि भेगा, आम्ही अनवाणी, रबरी बॉल, आणि मी सगळ्यात लहान म्हणून कायमचा गोलकीपर, कारण बॉल गडग्यापलीकडे गेला की आणायला कोणीतरी पाहिजेच की. दादा सगळ्यांना युनायटेडच्या खेळाडूंची नावं वाटायचा, तू कीन, तू गिग्ज. मला त्यांचा गोलकीपर, श्मायकल मिळाला. श्मायकल कोण हे मला कळायच्या आधी मी श्मायकल होतो.

२६ मेच्या रात्री बार्सिलोनात युनायटेडची चॅम्पियन्स लीगची फायनल होती, बायर्न म्युनिकशी. आमच्या वाडीत तेव्हा टीव्ही दोन आणि केबल एकाकडेही नाही. दुसऱ्या दिवशी पेपरात काहीच नाही, कारण मॅच आपल्या पहाटे दोनच्या सुमाराला संपली आणि तोपर्यंत आमचा पेपर छापून एसटीत चढला होता. २८ तारखेला दुपारी एसटी आली, पेपर आला, आणि खेळाच्या पानावर ती बातमी. नव्वद मिनिटं एक-शून्यने मागे, आणि मग इंज्युरी टाइममध्ये शेरिंगहॅमचा एक आणि सोल्शारचा एक. दादा खळ्यात एवढ्या जोरात ओरडला की काका आतून धावत आले आणि विचारलं, कोण गेला? म्हणजे बघा, दीड दिवस आम्ही युरोपचे चॅम्पियन होतो आणि आम्हाला त्याचा पत्ताच नव्हता. आता तिकडे साधा कॉर्नर मिळाला तरी माझा फोन खिशात थरथरतो आणि त्या कॉर्नरचं पुढे काही होत नाही.

दादाने २०१३ला बघणं सोडलं. मॅनेजर फर्ग्युसन रिटायर झाला, विसावं लीग टायटल जिंकून झालं, दादा म्हणाला मी पण रिटायर. आता तो आयपीएल बघतो आणि मला मीम पाठवतो. मी मात्र राहिलो बसून त्या कुणग्यात, गोलकीपर. त्यानंतर किती मॅनेजर आले आणि गेले ते मोजायला एका हाताची बोटं पुरत नाहीत, आणि प्रत्येक जण आला की मला तीच जुनी लागण होते, की आता हा बघा कसं सगळं नीट करतो ते.

मागचा सीझन, २०२४-२५चा, त्याबद्दल फार बोलत नाही, आकडे सांगतो आणि पुढे जातो. ३८ मॅच, त्यातल्या १८ हरल्या, ११ जिंकल्या, ९ बरोबरीत. ४२ पॉइंट. वीस टीममध्ये पंधरावा नंबर. १९७३-७४मध्ये युनायटेड खालच्या डिव्हिजनला गेली होती, त्यानंतरचा हा सगळ्यात वाईट नंबर. ऑक्टोबरच्या शेवटी मॅनेजर टेन हागला काढलं, नोव्हेंबरात लिस्बनहून रुबेन अमोरिम आला, त्याची आपली ३-४-३ घेऊन, म्हणजे मागे तीन, मधे दोन आणि कडेला दोन, पुढे तीन. जानेवारीत घरच्या मैदानावर ब्रायटनने ३-१ मारलं तेव्हा तो पत्रकारांसमोर म्हणाला की ही बहुतेक क्लबच्या इतिहासातली सगळ्यात वाईट टीम असेल. प्रामाणिक माणूस आहे, मला आवडला. पण आमच्याकडे भजनाचा बुवा पेटीवर बसून लोकांना सांगायला लागला की आमचं भजन तालुक्यात सगळ्यात वाईट, तर पखवाजवाल्याचा हात तरी उठेल का?

आणि हरायचं म्हणजे दरवेळी एकाच पद्धतीने हरायचं, हे मला जास्त लागायचं. वेगवेगळ्या कारणांनी हरलात तर माणूस निदान नवीन काहीतरी बघतो. इथे मधे दोघंच. समोरच्या टीमचे मधे तिघं असतात कधी चौघं, हे शाळेतल्या पोराला मोजता येतं. त्या दोघांतला आमचा कॅप्टन ब्रुनो, त्याला स्वस्थ बसवत नाही, तो पुढे. बाजूचे विंगबॅक पुढे. मग बॉल हरवायचा, आणि मागचे तिघं तोंड आपल्याच गोलकडे करून पळत सुटायचे. रापण ओढताना एका टोकाचे लोक जोरात ओढायला लागले आणि दुसऱ्या टोकाचे गप्पा मारत राहिले की जाळं तिरकं येतं आणि मासा मधून निसटतो, मग किनाऱ्यावर सगळे एकमेकांच्या नावाने बोंबलतात. मी वायरीच्या किनाऱ्यावर हे लहानपणापासून बघतोय. ओल्ड ट्रॅफर्डवर फरक एवढाच की तिथे बोंबलायलाही कोणी उरायचं नाही, सगळे ब्रुनोकडे बघायचे आणि ब्रुनो रेफ्रीकडे.

एक रात्र मात्र चांगली होती. अख्ख्या सीझनमध्ये एक. आणि ती मी झोपलो.

१७ एप्रिल, म्हणजे आपल्याकडे १८ तारीख लागलेली. युरोपा लीगची क्वार्टर फायनल, ल्योंशी. पहिली मॅच तिकडे २-२. इथे युनायटेडने २-० केलं, मी चहा ठेवला, ल्योंने २-२ केलं, चहा उतू गेला. मग त्यांचा तोलिसो रेड कार्ड घेऊन बाहेर, दहा माणसं उरली, म्हटलं आता एक्स्ट्रा टाइममध्ये जिंकतोच. तर दहा माणसांनी आम्हाला अजून दोन मारले. २-४. पावणेतीन वाजले होते. मी बर्फ फॅक्टरीत काम करतो, हिशोब आणि थोडंफार सगळंच, आणि एप्रिलमध्ये बोटी पहाटे बर्फ भरून निघतात, म्हणजे मला पाचला गेटवर उभं राहायचं होतं. मी फोन पालथा घातला आणि खरं सांगतो, एक प्रकारची शांती वाटली. संपलं एकदाचं. झोप पण पटकन लागली.

सकाळी दादाचा मेसेज. "काय मॅच रे!!" मला वाटलं टोमणा मारतोय. मग बघितलं तर ११४व्या मिनिटाला ब्रुनोची पेनल्टी, १२०व्याला मेनूचा गोल, १२१व्याला मॅग्वायरचं हेडर. ५-४. तो मॅग्वायर, खरं तर मागचा डिफेंडर, ज्याला आम्ही सगळ्यांनी मिळून एवढी वर्षं शिव्या घातल्या, तो सेंटर फॉरवर्डसारखा पुढे जाऊन उभा राहिला आणि त्याने डोक्याने मारला. मी दिवसभरात ते हायलाइट्स किती वेळा बघितले असतील याचा हिशोब नाही, क्रशर चालू असताना, जेवताना, कॅनमधून लादी सुटायची वाट बघत. पण हायलाइट्स म्हणजे दुसऱ्याच्या लग्नाचा व्हिडिओ. आपण त्या पंगतीला नव्हतो ते नव्हतोच. दादाला पण आपसूक यूट्यूबवर दिसलं होतं, म्हणजे रिटायर झालेला माणूस आणि मी, दोघांनी सारखंच बघितलं. बारा वर्षं जागून मी काय कमावलं मग?

त्या दिवशी ठरवलं की यापुढे शेवटची शिट्टी वाजेपर्यंत फोन पालथा घालायचा नाही, काय वाटेल ते होऊ दे. हाच माझ्या कर्माचा धडा होता आणि हाच मला पुढे भोवला.

२१ मेची फायनल, बिल्बाओला, टॉटनहॅमशी. लीगमध्ये आम्ही शेवटी पंधरावे आणि ते सतरावे, असले दोघं युरोपच्या फायनलला, याचं हसू यायला हवं होतं पण तेव्हा नाही आलं. त्या आठवड्यात इथे काय पाऊस होता आठवत असेल तुम्हाला. अरबी समुद्रात कमी दाबाचं क्षेत्र आणि २५ तारखेला तर मान्सूनच दारात, मे महिन्यात! आईची आमसुलं खळ्यात वाळत घातलेली, ती आम्ही दिवसातून चार वेळा आत-बाहेर करत होतो आणि रातांबे झाडाखाली सडत होते. रात्री अकराला लाईट गेली. वायफाय गेलं, टॉवरचा पण काहीतरी गोंधळ, व्हिडिओ चालायचं नावच नाही. मग ती फायनल मी वाचली. हो, वाचली. चौतीस टक्के बॅटरी, अंधार, कौलांवर पाऊस, आणि फोनवर एक-एक ओळ. ४२ मिनिटं, गोल, टॉटनहॅम, जॉन्सन. नंतर बघितलं तर तो गोल पण कसला, बॉल ल्यूक शॉच्या अंगाला लागून घरंगळत आत. मग बराच वेळ ओळच नाही. मग एक ओळ आली, आमच्या होयलुंडचं हेडर, त्यांच्या व्हॅन डे वेनने गोललाइनवरून काढला, आणि मी अंधारात त्या ओळीकडे बघत बसलो की बाबा काढला म्हणजे नक्की किती काढला. ०-१. त्या एका सीझनमध्ये टॉटनहॅमशी चार वेळा खेळलो आणि चारच्या चार हरलो.

ती फायनल हरल्यामुळे पुढच्या वर्षी युरोपात कुठेच नाही. आणि युरोपात नाही म्हणून इंग्लंडच्या त्या लीग कपमध्ये एक राउंड आधीपासून खेळायचं. आणि म्हणून ग्रिम्स्बी. एक कौल फुटलं की पाणी कुठून कुठे जातं बघा.

कौलावरून आठवलं. २०२४च्या मेमध्ये आर्सेनलच्या मॅचनंतर ओल्ड ट्रॅफर्डच्या छपरातून पाण्याचे जे लोट कोसळत होते त्याचा व्हिडिओ दादाने पाठवला होता, खाली लिहिलं होतं "आपलं घर". आणि खरंच आपलंच घर होतं ते. ज्याला कोकणातल्या सामाईक घराची माहिती आहे त्याला मँचेस्टर युनायटेड समजावून सांगावी लागत नाही. २००५मध्ये माल्कम ग्लेझरने क्लब घेतला तो कर्ज काढून, आणि कर्जाचा बोजा चढवला क्लबवरच. २०१४ला तो वारला, मागे सहा मुलं. सहा! सातबाऱ्यावर सहा नावं, सगळी अमेरिकेत, कौलं परतायला मेमध्ये येणार कोण? मग एक श्रीमंत गृहस्थ, सर जिम रॅटक्लिफ, त्याने जवळपास चौथा हिस्सा घेतला आणि कारभार बघायला लागला. त्याने काय केलं तर आधी माणसं कमी केली, मग स्टाफचं फुकट जेवण बंद केलं. आणि मग २०२५च्या मार्चमध्ये जाहीर केलं की एक लाख माणसांचं नवीन स्टेडियम बांधणार, दोन अब्ज पाउंडाचं, वर मोठी छत्री असल्यासारखं छप्पर. छप्पर गळतंय म्हणून वाडीत कोणी ताडपत्री मागायला गेला आणि त्याला बंगल्याचा प्लॅन दाखवला तर तो जे तोंड करेल, तेच तोंड करून मी ती बातमी वाचली. आमच्या घराची कौलं पण यंदा परतायची राहिली, त्याला वेगळी भावकी आहे, तो विषय इथे नको.

तर चतुर्थीची रात्र. भजन पावणेबाराला आटपलं. काळ्या वाटाण्याची उसळ आणि पाव खाऊन, चहा घेऊन मंडळी पुढच्या घरी गेली, त्यांच्या टॉर्च गडग्याच्या वाटेने हलत हलत दिसेनाशा झाल्या आणि घर एकदम गप्प झालं. माजघरात मी, गणपती, समई आणि स्टीलच्या गडूत तेल. फोन म्युट करून एकाच कानात इयरफोन घातला, दुसरा कान घरासाठी. ग्रिम्स्बी चौथ्या डिव्हिजनची टीम. मी म्हटलं चला, सीझनची सुरुवात आर्सेनलशी हरून झालीय, मग फुलहॅमशी बरोबरी, निदान आज देवाच्या साक्षीने एक सोपी मॅच निवांत बघू.

अर्ध्या तासात ०-२. दुसरा गोल मारणारा वॉरन, तो पोरगा आमच्याच अकॅडमीत वाढलेला, आम्ही सोडून दिलेला. अशा वेळी माणूस काय करतो? फोन पालथा घालतो. माझा हात गेला पण होता. पण ल्यों आठवलं. आणि मोठी काकी पण आठवली, म्हणजे झोपायचं तर नव्हतंच. त्या रात्री पळून जायचे दोन्ही रस्ते मी स्वतःच बंद करून बसलो होतो.

पंचाहत्तराव्या मिनिटाला आमच्या एमब्यूमोने एक मारला. आणि एकोणनव्वदाव्याला कोण, तर मॅग्वायर, परत हेडर, २-२, आणि मी देवासमोर उभा राहून तोंडावर हात दाबून जे काही केलं त्याला नाच म्हणता येईल. आवाज झाला असावा, कारण पडवीतून दादा उठून आला, बनियन, टॉवेल, डोळे चोळत.

"किती?"

"दोन-दोन."

"कोणाशी?"

मी सांगितलं. तो हसायला लागला तो थांबेचना, भिंतीला टेकून खाली बसला, टॉवेल तोंडात कोंबला. पण गेला नाही झोपायला. रिटायर माणूस, पण पेनल्टी म्हटल्यावर हळूच सरकून माझ्या बाजूला आला आणि एक इयरफोन मागून घेतला.

या पेनल्टींबद्दल मला एवढंच सांगायचंय की त्या संपतच नव्हत्या. अमोरिम डगआउटमध्ये खाली मान घालून बसलेला, बघत पण नव्हता. त्यांची एक आमच्या कीपरने, ओनानाने अडवली, मग आमच्या कुन्याने गोल केला तर जिंकलो, एवढं सरळ. सव्वासहा कोटी पाउंडाचा माणूस. त्यांच्या कीपरने अडवली. तिथून पुढे कोणी चुकेचना. सहा-सहा, सात-सात. दोघंही कुजबुजत मोजतोय. आणि कुठेतरी नवाच्या आसपास माझं लक्ष गेलं तर समईची एक वात तडतडायला लागलेली, तेल तळाला. मी दादाच्या हातात फोन दिला, गडू उचलला, आणि पाच वातींच्या समईत रात्री अडीचला न सांडता तेल घालणं हे दोन्ही हातांचं काम आहे, वाती जळक्या टोकाशी हलवायच्या नाहीत, तेल काठाने सोडायचं, सावकाश, त्यामुळे मी देवाकडे तोंड करून आणि मागून दादा "गेला... हा पण गेला... आत..." असं श्वास सोडल्यासारखं. मी म्हटलं अरे स्क्रीन जरा इकडे वळव. वळवली नाही त्याने. बारा वर्षांत एक मॅच न बघितलेल्या माणसाने मला माझ्याच फोनवर माझीच टीम दाखवली नाही.

तेल घालून वळलो तेव्हा अकरा-बारा होतं आणि एमब्यूमो दुसऱ्यांदा मारायला उभा होता. बारला लागला. काळे-पांढरे पट्टे घातलेले सगळे पळत सुटले, मग लोक मैदानात. दादाने इयरफोन काढला, फोन माझ्या हातात ठेवला, "घे, हे तुझं," म्हणाला आणि पडवीत जाऊन दोन मिनिटांत घोरायला लागला. समई छान जळत होती. पहाटेपर्यंत एकदाही वात काजळली नाही, काकीने सकाळी पुन्हा कौतुक केलं.

विसर्जन झालं, मुंबईवाले गेले. पुढचे चार दिवस मी काय करत होतो तर ग्रिम्स्बीबद्दल वाचत होतो. राग असला की माणूस दुश्मनाची कुंडली काढतो तसं. आधी कळलं की त्यांनी एक खेळाडू नियमात नसताना खेळवला, त्याच्या रजिस्ट्रेशनचा ऑनलाइन फॉर्म मुदतीच्या एक मिनिट नंतर भरला गेला होता. एक मिनिट! मला एकदम पालवी फुटली, म्हटलं आता त्यांना बाद करणार आणि आपल्याला आत घेणार. वीस हजार पाउंड दंड झाला, तोही अर्धा लगेच भरायचा नाही. आणि तो खेळाडू कोण, तर ज्याची पेनल्टी ओनानाने अडवली तोच. त्याला बाद करून आम्हाला मिळणार काय होतं?

पण पुढे वाचत गेलो तसा राग कुठे गेला कळलं नाही. हे गाव म्हणजे मासळी बंदर. एके काळी जगातल्या सगळ्यात मोठ्या मासळी बंदरांमधलं. टीमला म्हणतात मरिनर्स, म्हणजे दर्यावर्दी, आणि लोक मॅचला हवा भरलेले प्लास्टिकचे मासे घेऊन जातात. त्यांचे ट्रॉलर कॉड धरायला पार आइसलँडपर्यंत जायचे. १९७५ला आइसलँडने दोनशे सागरी मैलांची हद्द घातली, भांडणं झाली, पुढच्या वर्षी ब्रिटनने मान्य केलं, आणि ग्रिम्स्बीचे लांबवर जाणारे ट्रॉलर बसले ते बसलेच. तिथे एक बर्फ फॅक्टरी आहे, १९०० सालच्या सुमाराची, लाल विटांची, प्रचंड. १९९०ला बंद झाली. तिचे आतले फोटो मिळाले मला, कॉम्प्रेसर तसेच उभे, पाइप गंजलेले, वरून छप्पर उघडं. आमच्या फॅक्टरीत मी जिथे उभा असतो ना, ब्राइनच्या टाकीच्या कडेला, अगदी तसलीच जागा. मी फोटो मोठा करून करून बघितला. अमोनियाचा वास यायचा बाकी होता फक्त.

गणपतीनंतर बोटी परत लागल्या, तेव्हा आमचा एक तांडेल, म्हणजे बोटीचा म्होरक्या, बर्फ न्यायला आला. साठीचा माणूस, रापणीवर वाढला, आता भाच्याच्या ट्रॉलरवर जातो. बिल करताना माझ्या तोंडाकडे बघून म्हणाला, "तोंड असा कित्याक पाडलंस?"

म्हटलं मॅच हरलो, फुटबॉलची.

"तू खेळलंस?"

"नाय. टीम."

"खंयची?"

"इंग्लंडची."

त्याने विचार केला. मग आवाज खाली आणून, शेजारी कोणी नाही असं बघून, "पैशे लावलेस काय?"

"नाय."

"मगे?"

यावर मी तोंड उघडलं आणि मिटलं. १९९९, दादा, कुणगा, हे सगळं त्या गेटवर उभं राहून वीस लाद्यांच्या बिलात बसणारं नव्हतं. म्हणून विषय बदलायला मी त्याला ग्रिम्स्बी सांगितलं. बंदर, कॉड, आइसलँड, दोनशे मैल, बर्फ फॅक्टरीचा फोटो पण दाखवला. तो फोटो त्याने माझ्यापेक्षा जास्त वेळ बघितला. ट्रॉलर गेले खंय, असं विचारलं. म्हटलं भंगारात गेले बरेचसे. आता कारखाने आहेत, मासा बाहेरून येतो आणि हे लोक तो साफ करून पॅक करतात. तो एलईडी दिवे लावून मासा ओढणाऱ्यांना एक शिवी देऊन गप्प झाला, का ते मला विचारायला लागलं नाही. मग म्हणाला, "आणि ह्येनी तुमका हरवल्यानी?"

"हो."

"बरा झाला," म्हणाला. मनापासून. "तेंका जिंकूकच व्हया होता."

तेव्हापासून बर्फ न्यायला आला की तो आधी विचारतो, आपले ग्रिम्स्बीवाले काय करतत. आपले! मी त्याच्यासाठी स्कोर बघून ठेवायला लागलो, चौथ्या डिव्हिजनचा, जो मी आयुष्यात कधी बघितला नव्हता. १७ सप्टेंबरच्या पहाटे तो आला, अजून काळोख होता, पाऊस नुकता ओसरलेला. मी लांबूनच सांगितलं, एक-शून्य जिंकले, शेफिल्डला जाऊन, पुढच्या राउंडला गेले. त्याने टोपी काढून कपाळाला लावली आणि परत घातली. क्रेट लावून घेतले. मग जाता जाता वळून, अगदी साधेपणाने, "आणि तुझे?"

आदल्या रविवारी मँचेस्टर सिटीने आम्हाला तीन मारले होते. मी क्रशर चालू केला.